वजा धरलेलं गाणं

"तुमच्याकडे तापणाऱ्या वस्तू किती?"

घर भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. लग्न झालंय का, मांसाहार करता का, पाहुणे फार येतात का. विमा कंपनीच्या नोकरीत गावोगाव बदल्या झालेल्या एकट्या बाईला यातलं काही नवीन नसतं. पण ग्वाल्हेरला जयेंद्रगंजातल्या त्या घराच्या दारात मला जो प्रश्न आला, त्याची माझी तयारी नव्हती.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे इस्त्री, गीझर, हीटर, ते केस वाळवायचं असतं ते. वीज घेतली की तिची गरमी कुठेतरी जाणारच ना, बेटा. वरच्या मजल्यावर राहाल तर ती माझ्याच भिंतींत जाणार. म्हणून विचारून घेतो."

मी आठवून आठवून सांगत गेले. प्रत्येक वस्तूला ते मान हलवत आणि अर्धवट उघड्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं काहीतरी लिहीत. शेवटी बेरीज झाली. "ठीक आहे. फक्त मागची खिडकी उघडी ठेवत जा," म्हणाले, आणि मला घर मिळालं. भाडं किती, कधीपासून राहणार, असल्या किरकोळ गोष्टी आतून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, येऊन ठरवल्या.

त्यांना सगळं जयेंद्रगंज 'सर' म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून इकडे दरबारात हिशेबनीस म्हणून आलेले. घराण्याचा तो गुण सरांच्यात पुरेपूर उतरला होता, फक्त त्यांनी पैशाच्या जागी विजेचा हिशेब धरला होता. किती आली, किती कामाला लागली, आणि बाकीची गरमी होऊन कुठे गेली. पैशाच्या हिशेबात ते कच्चे होते. तो काकू बघत.

त्यांचं मराठी माझ्या साताऱ्याच्या कानांना आधी खटकायचं. त्यांना काही 'वाटत' नसे, 'लागत' असे. "मला लागतं आज पाऊस येणार." वर्षभरात मलाही लागायला लागलं, आणि साताऱ्याला आईनं फोनवर विचारलं, "तुला काय लागलंय गं?"

ते दार म्हणजे घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. आतल्या बाजूनं सरांनी त्याला शाळेतल्या फळ्याचा काळा रंग दिला होता. दार लावलं की फळा समोर येई, उघडलं की भिंतीआड जाई. त्यामुळे सर आकडेमोडीत असताना घंटी वाजली तर ते आधी हातातली ओळ पुरी करत, मग कडी काढत. पोस्टमनला हे ठाऊक होतं. तो पायरीवर बसून तंबाखू मळायचा.

त्यांची दुसरी सवय उलट्या हाताची. घरात कुठेही जाताना ते वाटेतल्या प्रत्येक विजेच्या वस्तूला हाताची मागची बाजू लावून बघत. फ्रिज, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, राउटर. तळहात लावायचा नाही, कारण शॉक बसला तर मूठ वळून तारच पकडली जाते. उलटा हात झटक्यानं मागे येतो. हे त्यांनी इतक्या पिढ्यांतल्या मुलांना सांगितलं होतं, की पुढे तो हात विजेपुरता राहिलाच नाही. माझे मॅनेजर एकदा चहाला आले. अबोल माणूस. सरांनी आधी त्यांचा मोबाइल तपासला आणि मग त्यांच्या गालाला हात लावला. "आपण फार गप्प असता," ते काळजीनं म्हणाले, "तापाल." मॅनेजर नंतर कितीतरी दिवस मला ऑफिसात विचारत होते, मी आजारी दिसतो का म्हणून.

'गप्प बसू नका, तापाल' हे त्यांचं घोषवाक्य. त्यामागे एक यंत्र होतं, आणि ते समजल्याशिवाय सर समजत नसत.

बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या शेजारी, शिसवी स्टुलावर त्यांचा ॲम्प्लिफायर होता. स्वतःच्या हातानं बांधलेला. ट्रान्झिस्टर नाही, चिप नाही. काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असत त्यांचे थोरले भाऊ म्हणावेत असे, आणि मागे भलामोठा ट्रान्सफॉर्मर. या रचनेला पुश-पुल म्हणतात. एक व्हॉल्व्ह ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात ते समजावून सांगितलं होतं. "जात्यावर दोघी समोरासमोर बसतात की नाही? तसं. एकीचा हात सैल पडला की पीठ जाडंभरडं." म्हणून ते दोन व्हॉल्व्ह अगदी सारख्या ताकदीचे लागतात. सरांनी दाना ओली बाजारातलं रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान बंद होताना तिथलं व्हॉल्व्हचं खोकं उचलून आणलं होतं, आणि त्यातला एकेक मोजून मोजून ही जोडी लावली होती. बाकीचे सगळे एकमेकांशी न जुळणारे निघाले.

"आणि ह्याची गंमत काय आहे, बेटा," सर सांगत, "बाकीची मशीनं जोरात चालवली की तापतात. हे गप्प बसलं की तापतं."

माझ्या चेहऱ्याकडे बघून ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवत. "दूधवाला आपल्याकडे रोज तेवढंच दूध घालतो. पाहुणे आले, चहा झाला, दूध गेलं. पाहुणेच आले नाहीत तर? तर ते घरातच राहणार ना? तसं हे. मी ह्याला असा बांधलाय की गाणं असो-नसो, वीज सारखीच घेतो. गाणं चालू असलं की त्यातली थोडी स्पीकरमधून बाहेर जाते. गाणं थांबलं की सगळी प्लेटवर. अख्खी गरमी."

प्लेट म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला राखाडी पत्रा. त्याच्या मधोमध निखाऱ्यासारखी तार लाल असते, ती असायचीच. पण पत्राच लाल दिसू लागला तर समजायचं की व्हॉल्व्ह जातोय. त्यांच्या व्हॉल्व्हची प्लेट पंचवीस वॅटची गरमी सोसू शके, त्यावर नाही. म्हणून दारावर कायम एकच हिशेब असे. व्होल्ट गुणिले करंट म्हणजे आलेली वीज, तिचे दोन वाटे, आणि प्रत्येक वाटा पंचवीसच्या आत.

पुढे पुढे ते माणसंही वॅटमध्ये मोजू लागले होते. "तो समोरचा वकील आहे ना, त्याची प्लेट पाच वॅटची. त्याच्याशी राजकारण नको." भाजीवालीची प्लेट दणकट. माझ्या प्लेटबद्दल त्यांचं मत बरं होतं, पण मला हवा कमी मिळते, असं म्हणत. मी रविवारी दिवसभर अंथरुणात पडून असे त्यावर ही टीका होती. काकूंची प्लेट किती वॅटची, असं मी एकदा विचारलं. सरांनी आत डोकावून बघितलं आणि आवाज खाली आणला. "तेवढं मोजणारं मीटर माझ्याकडे नाही."

ग्वाल्हेरचा उन्हाळा हा काही बोलायचा विषय नाही, तो सोसायचा विषय आहे. मे महिन्यात लू, म्हणजे ते भाजणारं वारं, सुटली की घरात एकच कूलर असे आणि त्याचं तोंड ॲम्प्लिफायरकडे असे. काकू पंख्याखाली पदरानं वारा घेत बसत. "माझी सवत," त्या मला सांगत, "आणि तिला वाळ्याचं थंडगार वारं." हिवाळ्यात मात्र त्या सगळं वसूल करत. तिथली थंडी हाडांत जाते, दही काही केल्या लागत नाही. काकू विरजणाचं भांडं व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवून वर टॉवेल टाकत. सर त्याला हरकत घेत नसत. घरातली गरमी कुठे गेली याचं इतकं चोख उत्तर त्यांना दुसरीकडे मिळत नव्हतं.

आता काकूंबद्दल.

काकू दिवसभर गात. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, माझ्याशी बोलता बोलता मध्येच. ग्वाल्हेरात गाणं शिकलेल्या बायका घरोघरी असतात, पण काकू खरोखर शिकल्या होत्या आणि एके काळी माधवगंजातल्या, लष्कर भागातल्या घरगुती बैठकांत त्यांना आवर्जून बोलावत. मग गळ्याचं एक ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण बारीक होऊन आला. स्वयंपाकघराला पुरेल एवढा. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, मी तिथे जायच्या आदल्या वर्षी, त्या आग्रहाखातर गायला बसल्या. साऊंड भाड्याचा होता, लग्नाच्या वरातीत वाजतो तो. काकूंचा आवाज लहान म्हणून साऊंडवाल्यानं माइक वाढवला, माइकनं शिट्टी मारली, त्यानं आणखी काहीतरी फिरवलं, तेव्हा दोन शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतली पोरं हसली. काकूंनी तानपुऱ्याला नमस्कार केला आणि अर्ध्यातून उठल्या. त्यानंतर त्या चारचौघांत गायल्या नव्हत्या. गायच्या त्या भिंतीकडे तोंड करून.

हे मला सरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा उलटा हात स्वतःच्याच गुडघ्यावर होता. "शिट्टी तिच्या आवाजाची नव्हती," ते म्हणाले. "मशीनची होती. लोकांना काय कळणार. तिलाही नाही कळलं."

मी राहायला आल्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी काकूंना माझ्या देखत शब्द दिला की गणपतीत तू गाणार आणि ह्या ॲम्प्लिफायरवर गाणार. काकू बराच वेळ नाही म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्यासाठी एकदा बसते. पण हे शेवटचं. ह्या वेळी भी तसंच झालं ना, तर परत मला कुणी म्हणायचं नाही. तुम्ही भी नाही."

सर एवढंच म्हणाले, "मंजूर."

मंडळाचा सेक्रेटरी तरुण मुलगा, मोबाइलचं दुकान चालवायचा. तो घरी आला आणि स्टुलाकडे बघतच राहिला.

"सर, ये चलता है?"

"आपण बसून घ्या. चालतं."

"नाही, म्हणजे सुंदर आहे. एकदम अँटीक. पण किती वॅटचा आहे?"

"वीस."

"वीस हजार?"

"वीस."

तो काही वेळ गप्प बसला. सरांनी त्याच्या गालाकडे हात नेला तसा तो घाईनं बोलू लागला. "सर, देखिए, आपला साऊंडवाला चार हजार वॅटचा सेट लावतो. हॉल मोठा आहे, मागे लोग जेवायला बसतात, आवाज होतो. काकींचा आवाज तो वैसे भी… म्हणजे मला खराब नाही म्हणायचं."

"त्याच्या चार हजारांत गरमी किती आणि गाणं किती, ते त्याला विचारून सांगा," सर म्हणाले.

तोड निघाली ती अशी. भाषणं, बक्षिसं, आरती साऊंडवाल्याच्या सेटवर. काकूंचं गाणं तेवढं सरांच्या मशीनवर. सेक्रेटरी जाताना काकूंच्या हातची तिळाची गजक खाऊन गेला आणि दारावरचे आकडे बघून जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, आप बीमेवाले हो ना? इसका बीमा करवा दो."

पण त्याचं एक म्हणणं सरांच्या मनात राहिलं. हॉल खरंच मोठा होता. वीस वॅट काकूंच्या बारीक आवाजाला शेवटच्या रांगेपर्यंत नेतील की नाही, ही शंका त्यांना झोपू देईना. आवाज वाढवायचा तर व्होल्टेज वाढवायला हवं. व्होल्टेज वाढवलं की गरमी वाढणार आणि पंचवीसची हद्द ओलांडणार. रोज मी ऑफिसातून आले की दारावर नवी बेरीज दिसे, आणि रोज उत्तर पंचवीसच्या वर. सरांची दाढी वाढली. पोस्टमनची तंबाखू संपली.

मग एका संध्याकाळी घंटी वाजवली तर दार लगेच उघडलं. सर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे होते.

"झालं, बेटा. बसलं पंचवीसमध्ये."

त्यांनी दार लावून मला फळा दाखवला. आलेली वीज. त्याखाली एक आकडा वजा. त्यासमोर लिहिलं होतं, 'गाणं'.

"हे काय?"

"अरे, मी इतके दिवस गप्प मशीनचा हिशेब करून राहिलो होतो. पण त्या दिवशी मशीन गप्प कुठे असणार? ती गाणार ना? मग जेवढी वीज गाणं होऊन बाहेर जाणार, तेवढी प्लेटवरून वजा."

माझी नोकरीच अशी की 'आणि तसं झालं नाही तर' हे वाक्य तोंडात बसलेलं. मी विचारलं, "आणि काकू मध्येच गप्प बसल्या तर?"

सर हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "ही? गप्प? अगं, ह्या घरात मी लग्न झाल्यापासून ते ऐकलेलं नाही."

"काय झालं हसायला?" आतून काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढची ओळ उचलली. सरांनी मला बोटानं ती ओळ दाखवली, जणू पुरावाच हजर झाला.

गणपतीतला तो दिवस मला नीट आठवतो कारण मी त्या मशीनची हमाल होते. ट्रान्सफॉर्मरसकट ते यंत्र एका माणसाला उचलत नाही. रिक्षात मधोमध ॲम्प्लिफायर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर, दोघांनी त्याला आजारी माणसासारखं धरलेलं. काकू मागून सेक्रेटरीच्या स्कूटीवर आल्या. उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता आणि त्या काहीच गुणगुणत नव्हत्या. हे माझ्या लक्षात आलं. सरांच्या आलं की नाही, ठाऊक नाही. ते वायरी जोडत होते.

ॲम्प्लिफायर स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आत, एका बाकावर ठेवला. त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून सर बसले. काकू बसणार तिथून त्यांना सरांचा चेहरा दिसे, मशीनची मात्र पाठ दिसे, ट्रान्सफॉर्मर आड येत असल्यामुळे व्हॉल्व्ह दिसत नसत. मी सरांच्या शेजारी खाली बसले.

सुरुवातीलाच एक घोटाळा. सरांनी मशीन चालू केलं, काकू तानपुरा घेऊन बसल्या, आणि सेक्रेटरीला वाटलं की ओळख करून द्यावी. त्यानं सरळ काकूंच्या पुढ्यातलाच माइक उचलला. "तर मित्रों… आता आपल्या समोर…" प्रत्येक दोन शब्दांनंतर तो टाळ्यांसाठी थांबे. टाळ्या येत नसत, म्हणून आणखी थांबे. सर खुर्चीत चुळबुळले. मग उठले, पडद्याबाहेर गेले आणि सगळ्या हॉलसमोर त्याला म्हणाले, "एक तर सतत बोला, नाहीतर उतरून जा." लोक हसले, सेक्रेटरी उतरला, आणि काकूंनी तानपुरा छेडला.

त्या मशीनमधून तानपुरा पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा मागच्या रांगेतल्या जेवणाऱ्यांनीसुद्धा मान वर केली. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण तो आवाज स्पीकरमधून येत नव्हता, खोलीत बसला होता. काकूंनी षड्ज लावला. बारीकच, पण शेवटच्या भिंतीपर्यंत सरळ गेलेला. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

काकूंनी देस रागाचे सूर घेतले, थोडी आलापी केली, तबलजीकडे बघितलं. आता बंदिशीचा मुखडा, तिची पहिली ओळ, येणार.

आला नाही.

काकूंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तबलजीनं वाट बघून डग्ग्यावरचा हात काढून घेतला. काकूंच्या तानपुऱ्यावरची बोटं मंद होत होत थांबली. समोर ती पुढची रांग होती, तीच पोरं, वर्षा-दोन वर्षांनी उंच झालेली. शब्द गेले होते. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

माझ्या शेजारी उजेड बदलला. मी वळून बघितलं. डावीकडच्या व्हॉल्व्हचा राखाडी पत्रा कडेला तांबूस होऊ लागला होता. मग दुसऱ्याचाही. वजा धरलेलं गाणं आलं नव्हतं आणि अख्खी वीज प्लेटवर चालली होती. सरांचा हात स्विचवर गेला. जाणारच. ते यंत्र गप्प बसून तापायला लागलं की त्यांनी घरी कितीदा तरी कसलाही विचार न करता खटकन बंद केलेलं मी पाहिलं होतं, एकदा तर पाहुण्यांची आवडती तबकडी चालू व्हायच्या आत.

स्विचवरचा हात तिथेच राहिला. पत्रा तांबूसचा लाल झाला. मी कुजबुजले, "सर, जातील ते." त्या जोडीसारखी दुसरी जोडी नव्हती, हे मला पाठ होतं. दाना ओलीच्या त्या खोक्यात जुळणारं काही उरलं नव्हतं.

सरांनी स्विचवरून हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते काकूंकडे बघून हसले. खूप रुंद, सावकाश, जेवायला बसलेला माणूस ताटाकडे बघून हसतो तसं. मशीनसमोर बसलेल्या सरांना मी तोपर्यंत हसताना पाहिलेलं नव्हतं. मशीनसमोर ते देवळात असल्यासारखे असत.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. किती वेळ बघितलं, सांगता येत नाही. मग त्यांनी बंदिशीची मधलीच कुठलीतरी ओळ उचलली, मुखडा सोडून, समेचा पत्ता नाही. तबलजी चपापला आणि मागून धावत येऊन त्यांना गाठलं. गाणं सुरू झालं. काकू गात गेल्या, मशीन त्यांना उचलत गेलं, आणि लाली हळूहळू उतरून पत्रा परत राखाडी झाला. मुखडा त्या दिवशी शेवटपर्यंत आला नाही. तो कुणाला हवा होता असंही दिसलं नाही. टाळ्यांत उठताना काकूंनी पहिल्यांदा त्या पुढच्या रांगेतल्या पोरांकडे बघितलं, आणि सेक्रेटरी सरांपाशी येऊन म्हणाला, "सर, अगले साल पूरा प्रोग्राम इसी पे?" सरांनी त्याच्या गालाला हात लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर दार पुसून स्वच्छ केलेलं. त्यावर नवा हिशेब होता. आलेली वीज, तिचे वाटे, आणि वजाबाकीच्या जागी शून्य. डावा व्हॉल्व्ह मीटरवर निम्मा भरला होता. जोडी फुटली होती, आणि उजवा एकटा पुश-पुलमध्ये काही कामाचा नव्हता.

"स्विच का बंद केला नाही?" मी विचारलं.

"खट् असा आवाज आला असता स्पीकरमधून. ती उठली असती." ते खडूची धूळ झटकत होते. "चूक माझी होती, बेटा. गप्प बसण्याचा हिशेब आधी करायचा असतो. मी मुलांना आयुष्यभर तेच शिकवलं."

"पण काकू गायला लागल्यावर लाली उतरली की नाही?"

सरांनी नाराजीनं मान हलवली. "तेवढ्यानं एवढी उतरायला नको. मी मांडून बघितलं. तिच्या गाण्यात वीज जाऊन जाऊन जाणार किती? मला लागतं, त्याच वेळी मागे जेवणाच्या पंगतीचे सगळे पंखे सुरू झाले आणि लाइनचं व्होल्टेज उतरलं." यावर त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नव्हतं. तो आकडा ते पुढे महिनाभर दारावर मांडत होते.

नवी जोडी परदेशातून मागवायला काकूंनीच लावलं, आणि व्होल्टेज परत जुन्या जागी आलं. पुढच्या गणपतीत वीस वॅटवरच काकू गायल्या. खुर्च्या पुढे ओढून घ्यायला लोकांना सांगितलं, झालं. मशीनवर खर्च झालेली एवढी विद्या, आणि उपाय खुर्च्यांचा निघाला. सरांनी तोही मानला.

त्या हिवाळ्यात माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी काकूंपाशी स्वयंपाकघरात बसले होते. त्या विरजण लावत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, त्या वर्षी मशीन जळायला आलं होतं. तुम्हाला दिसलं नसेल, त्याची पाठ होती तुमच्याकडे."

काकूंनी चमचा भांड्याच्या काठावर झटकला.

"दिसलं की. त्यांच्या चष्म्यात."

मी पाट पुढे ओढला.

"दोन्ही काचांत लाल लाल. आणि त्याच्या मागे हे हसून राहिले. इतकी वर्षं मी पाहिलंय गं, दही ठेवताना जराशी लाली दिसली तरी हा माणूस माझ्या अंगावरून उडी मारून स्विच बंद करतो. मला तर बोल बिलकुल आठवत नव्हते. म्हटलं, आता काहीही गायला हवं. नाही गायले तर हे तिथेच हसत बसतील आणि सगळं जळून जाईल." त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "सांगू नकोस त्यांना. त्यांना लागतं, मी त्यांचं हसू बघून गायले."

मग दोघीही बोललो नाही. बाहेरच्या खोलीत खडूचा आवाज थांबला.

"आत एवढं गप्प का?" सरांनी हाक मारली. "तापाल."

काकूंनी भांडं उचललं, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि बाहेर जाता जाता देसचा मुखडा धरला. पहिल्या शब्दापासून, पूर्ण, समेवर.